मधली अकरा मिनिटं

लिफ्ट बंद होती म्हणून आम्ही तीन मजले चढलो,
ऑल्विन कॅमेऱ्याचं तिकाटणं घेऊन, मी फॉर्म आणि बिस्किटं.
दोघांचं वय मिळून एकशे एक्कावन्न.
बोरहॅमवूडच्या त्या रस्त्यावर आता स्टुडिओ नाही,
सुपरमार्केट आहे. जिथे रंगवलेला समुद्र उभा असायचा
तिथे गोठवलेले मटार.

म्युरिएल थॉरोगुड, वय एक्क्याण्णव.
दार उघडायला तिला वेळ लागला.
आम्ही बाहेर ऐकत उभे:
वॉकरचे दोन ठोके, मग एक घसट.
दोन ठोके, घसट.

मी एके काळी मेकअप करायचे, चेहऱ्यांचं मला कळतं.
तिचं काम चेहऱ्याच्या खालचं, पार जमिनीलगतचं.
चित्रपट जोडून झाला की काळोख्या खोलीत,
पडद्यावरच्या बाईवर नजर ठेवून,
तिच्यासाठी चालायचं.
सदतीस वर्षं.

“राण्यांना माझ्या लग्नातले बूट,” ती म्हणाली,
“लग्न टिकलं चार वर्षं, टाचा एकोणीस.”
शिपायांना बारा नंबरचे, पुढे वर्तमानपत्र कोंबून.
बर्फ म्हणजे चामड्याच्या पिशवीत मक्याचं पीठ.
कुत्रा म्हणजे हातमोज्याच्या बोटांना लावलेल्या क्लिपा.
एका खुन्याला ती दोन दिवस जिना चढवत होती:
“त्याला घाई होती आणि पश्चात्तापही,
आणि दिग्दर्शकाला दोन्ही एकाच टाचेत हवं होतं.”

मी यादीतला सातवा प्रश्न विचारला.
पडद्यावर नाव कधी आलं?
“अगं, काम नीट झालं
तर तिथे कुणी होतं असं वाटतच नाही.”
खंत नव्हती आवाजात. शिंप्याने
आतला टाका दाखवावा, इतकंच.

मग ती चहा टाकायला उठली.
मी करते म्हटलं, तर वॉकरनेच मला बाजूला सारलं.
ऑल्विन यंत्र बंद करायला विसरला.

आमचे नियम चर्चच्या हॉलमध्ये ठरलेत,
सहा स्वयंसेवक, हात वर करून:
खोकला ठेवावा.
रडणं विचारून ठेवावं.
चहाची सुट्टी कापावी.

घरी हेडफोन लावून मी शब्द उतरवायला बसले
आणि अकरा मिनिटं शब्दच नाहीत.
ऑल्विनचं चोंदलेलं नाक. खालून गेलेली एक बस.
आणि लिनोलियमवर ती:
ठोका, ठोका, घसट.
कपाटाशी थांबली. आठवलं नाही.
किटलीपर्यंत गेली. आठवलं.
परत कपाटाशी. साखर.
डावा पाय उजव्याच्या मागून येतो,
आत या असं त्याला कुणी म्हटलेलंच नसावं तसा.

मी तीनदा मागे नेलं.
एवढी माणसं चालली ही बाई,
हे कोण चाललंय?

फेब्रुवारीत ती गेली.
भाच्याने फोनवर कळवलं आणि विचारलं,
बुटांची एक ट्रंक निघालीये, सगळे वेगवेगळ्या मापाचे,
दान करू का?
मी म्हटलं थांबा, आणि मग काय म्हणायचं ते सुचेना.

मार्चच्या बैठकीत एनिडने चष्मा वर करून वाचलं,
“अकरा मिनिटं, चहा. हे कापायचं ना?”
मी नाही म्हटलं. ती म्हणाली, नियम आहे.
मी म्हटलं, माहीत आहे, हात मीही वर केला होता.
मतदान झालं. कापायला तीन, ठेवायला दोन,
आणि ऑल्विनला डुलकी लागली होती.
त्याला हलवून उठवेपर्यंत
माझ्यापुढे तो फॉर्म होताच,
त्यात एक रकाना: या ध्वनिमुद्रणात कोण कोण आहे.
मी शाईने लिहिलं:

आवाज, म्युरिएल थॉरोगुड.
पावलं, तिचीच.